काला मोतिया पिकायची वाट बघू नका: डोळ्यातल्या पाण्याचा निचरा कसा होतो आणि तो अडला की काय होतं

जुन्या नाशकात चौक मंडईच्या बाजूला आमच्या ओळखीतले एक चाचा राहतात. आयुष्यभर शिलाईचं काम केलं, आता वय साठीच्या पुढे. दोन-अडीच वर्षांपूर्वी त्यांना उजव्या बाजूने येणारी रिक्षा दिसेनाशी झाली. घराच्या चौकटीला खांदा लागायचा. दस्तरखानवर उजवीकडचा पाण्याचा ग्लास कलंडायचा. घरच्यांनी ठरवून टाकलं, "मोतिया आला असेल. पिकू द्या, मग काढून टाकू." चाचांनाही ते पटलं, कारण सुईत दोरा अजून पहिल्या फटक्यात जात होता. ज्याला सुईचं नेढं दिसतं त्याची नजर जाते आहे असं कोण म्हणेल?

अशात दीड वर्ष गेलं. शेवटी मुलीने हट्टच धरला म्हणून डोळ्याच्या डॉक्टरकडे गेले. उजव्या डोळ्याची नस जवळपास संपलेली, डाव्या डोळ्याची निम्मी. चाचा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पिकलाय ना आता? काढून टाका." डॉक्टर म्हणाले, "चाचा, हा तो मोतिया नाही. यात काढण्यासारखं काही नसतं. आणि जे गेलं ते परत येत नाही."

आपल्या घरांत या आजाराला काला मोतिया म्हणतात, मराठीत काचबिंदू. गोंधळ नावापासूनच सुरू होतो. सफेद मोतिया म्हणजे मोतीबिंदू. त्यात डोळ्यातलं नैसर्गिक भिंग गढूळ होतं, ते काढून दुसरं बसवलं की नजर परत येते. काला मोतिया ही वेगळीच गोष्ट आहे. त्यात भिंग स्वच्छ असू शकतं, बाहेरून डोळा अगदी चांगला दिसतो, दुखत नाही, लाल होत नाही. बिघाड असतो तो डोळ्याच्या आतल्या पाण्याच्या निचऱ्यात. दोघांच्या नावात 'मोतिया' आहे म्हणून लोक दोघांना एकच नियम लावतात, आणि वाट बघत बसतात. मोतीबिंदूतही आजकाल पिकायची वाट बघायला डॉक्टर सांगत नाहीत, पण तिथे उशीर झाला तरी बहुतेकदा नजर परत मिळते. इथे मिळत नाही.

म्हणून हा निचरा नीट समजून घेऊ. एकदा तो कळला की डॉक्टर काय सांगतात आणि रोज औषध का टाकायचं, हे सगळं आपोआप कळतं.

डोळ्यात दोन पाणी असतात

आधी एक गैरसमज काढून टाकू. "डोळ्यात पाणी" म्हटलं की आपल्याला आसू आठवतात. आसू डोळ्याच्या बाहेरून वाहतात. वरच्या पापणीच्या मागे असलेल्या ग्रंथीतून येतात, बुबुळावरून फिरतात आणि नाकाजवळच्या कोपऱ्यात जी दोन बारीक छिद्रं असतात त्यातून नाकात उतरतात. म्हणून रडताना नाक वाहतं, आणि म्हणूनच डोळ्यात टाकलेल्या औषधाची कडू चव घशात येते. ही वाट लक्षात ठेवा, रमजानचा विषय येईल तेव्हा ती लागणार आहे.

आपण बोलतोय ते पाणी डोळ्याच्या आत असतं आणि बाहेर कधीच दिसत नाही. डोळ्याच्या पुढे जी पारदर्शक काच असते, डॉक्टर तिला कॉर्निया म्हणतात, तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. आतल्या भिंगातही नसतात. असत्या तर समोरचं सगळं लाल जाळीतून बघावं लागलं असतं. पण जिवंत पेशींना खायला तर हवं. ते काम हे पाणी करतं. साखर, ऑक्सिजन, क्षार पोहोचवायचे आणि कचरा घेऊन निघायचं. क जीवनसत्त्व तर या पाण्यात रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त असतं. शिवाय या पाण्याच्या दाबामुळेच डोळा फुगलेल्या चेंडूसारखा आपला आकार धरून राहतो.

युनानी शिकणाऱ्या मुलांना या पाण्याचं जुनं नाव माहीत असतं: रतूबत-ए-बैजिया. बैजा म्हणजे अंडं. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखं स्वच्छ, म्हणून हे नाव. भिंगाला जलीदिया म्हणजे बर्फासारखं, आणि मागच्या दाट भागाला जुजाजिया म्हणजे काचेसारखं. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक यांनी डोळ्यावर दहा प्रकरणांचा ग्रंथ लिहिला, त्यांच्यानंतर अली इब्न ईसा यांनी नेत्रवैद्यांसाठी लिहिलेलं 'तजकिरतुल कह्हालीन' शतकानुशतकं वापरलं गेलं. या लोकांबद्दल आपल्याला अभिमान आहे आणि असावा. पण सगळं काही आपल्या जुन्या किताबांत होतंच, असं जे काही जण छातीठोकपणे सांगतात ते खरं नाही. हे पाणी सतत नवं तयार होतं आणि एका ठरावीक वाटेने बाहेर जातं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ज्या बारीक नळीतून ते जातं तिचं वर्णन जर्मनीचे फ्रीडरिश श्लेम यांनी १८३० मध्ये केलं. नळी सापडली तरी त्यातून नेमकं काय वाहतं यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालला. बाहेरच्या शिरांमध्ये हे स्वच्छ पाणी रक्तात मिसळताना डोळ्यांनी दिसू शकतं, हे तर १९४२ मध्ये कळलं.

पाण्याची वाट

डोळ्याचा जो काळा किंवा तपकिरी गोल पडदा आपल्याला आरशात दिसतो, त्याच्या अगदी मागे सगळीकडून एक कडं असतं. तिथे रक्तातून गाळून हे पाणी तयार होतं. मिनिटाला साधारण दोन ते अडीच मायक्रोलिटर. एक मायक्रोलिटर म्हणजे एका मिलिलिटरचा हजारावा भाग. रात्री झोपेत हे प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं. दिवसभराचा हिशेब केला तर एका डोळ्याचं सगळं पाणी मिळून चहाचा एक चमचाही भरत नाही.

तयार झालेलं पाणी पडदा आणि भिंग यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीतून पुढे येतं, मग बाहुलीच्या छिद्रातून समोरच्या खोलीत शिरतं. समोरची खोली म्हणजे पडदा आणि काच यांच्यामधली जागा. तिच्यात मावतं किती? सुमारे पाव मिलिलिटर, म्हणजे औषधाच्या बाटलीतले पाच-सहा थेंब. आत पडद्याजवळ ऊब असते, बाहेर काचेजवळ गारवा, त्यामुळे पाणी आतल्या बाजूने वर चढतं आणि काचेच्या बाजूने खाली उतरतं. पातेल्यात दूध तापताना जसं फिरतं तसंच, फक्त अगदी सावकाश. दीड-दोन तासांत सगळं पाणी बदललेलं असतं.

आता बाहेर पडायची वाट. काच आणि पडदा जिथे एकमेकांना भेटतात तिथे चहूबाजूने एक कोपरा तयार होतो. डॉक्टर त्याला अँगल म्हणतात. या कोपऱ्यात एक जाळी बसवलेली आहे. घरात मोरीच्या तोंडावर जाळी असते तशी, पण ही एकाच थराची नाही. वरचे थर ढोबळ, आतले बारीक, आणि सगळ्यात आतला थर इतका दाट की पाण्याला खरा अडथळा तिथेच होतो. जाळीच्या तारांवर जिवंत पेशी बसलेल्या असतात. पाण्याबरोबर आलेला कचरा, रंगाचे कण, मेलेल्या पेशींचे तुकडे त्या गिळून टाकतात. म्हणजे ही जाळी स्वतःला साफ करत राहते. जाळीच्या पलीकडे श्लेम यांची नळी, डोळ्याभोवती अंगठीसारखी गोल. तिच्यातून पंचवीस-तीस बारीक वाटा निघतात आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या शिरांना जाऊन मिळतात. रक्तातून आलेलं पाणी परत रक्तात.

थोडं पाणी या जाळीतून न जाता मागच्या बाजूने स्नायूंमध्ये झिरपतं आणि तसंच निघून जातं. ही आडवाट छोटी असली तरी आजची एक मोठी औषधं तिच्यावरच काम करतात.

नाशिककरांना हे समजायला फार कष्ट पडू नयेत. पावसाळ्यात गंगापूर धरणातून किती विसर्ग सोडला हे आपल्याकडे पानवालासुद्धा क्युसेकमध्ये सांगतो. वरून येणारं पाणी आणि खाली सोडलेलं पाणी यांचा मेळ बसला की धरण शांत. डोळ्याचंही तसंच. जेवढं तयार झालं तेवढं निघालं तर दाब ठीक राहतो. पाऱ्याच्या हिशेबाने १० ते २१ मिलिमीटरच्या आसपास. काचबिंदूत बहुतेकदा पाणी जास्त तयार होत नाही. ते नेहमीइतकंच तयार होतं, खाली सोडायची वाट बुजते. जुन्या नाशकाच्या गल्लीत ड्रेनेजचं चेंबर तुंबलं की वरच्या घरांतल्या नळांचा काही दोष नसतो, तसं.

फरक एकच आणि तोच जीवघेणा आहे. गोदावरीला पूर आला की आपल्याकडे दुतोंड्या मारुती आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, यावरून सराफ बाजार आणि भांडी बाजारातले दुकानदार माल उचलतात. २००८, २०१६, २०१९, तिन्ही वेळा लोकांनी तिकडेच बघून अंदाज बांधला. डोळ्यात असा मारुती नाही. दाब २२ झाला, २८ झाला, ३२ झाला तरी आपल्याला काही जाणवत नाही. चेंडू टणक होत जातो आणि त्याच्या सगळ्यात नाजूक जागी, मागे जिथून नस मेंदूकडे निघते तिथे, दट्ट्या बसत राहतो. त्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. रोज थोडे मरतात. आधी बाजूची नजर जाते, मधली शेवटपर्यंत टिकते. शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो आणि राहिलेली पोकळी मेंदू आपल्या अंदाजाने रंगवून टाकतो. काळा डाग दिसत नाही, तिथे काही आहे हेच दिसत नाही. चाचांना सुईचं नेढं दिसत होतं आणि रिक्षा दिसत नव्हती, ती याच कारणाने.

चेन्नई आणि मदुराईच्या भागात घरोघरी जाऊन डोळे तपासले गेले तेव्हा ज्यांना काचबिंदू निघाला त्यांच्यातल्या दहापैकी नऊहून जास्त लोकांना आधी याची कल्पनाच नव्हती. आपल्या मोहल्ल्यांत चित्र वेगळं असेल असं मानायला काही कारण दिसत नाही.

एक प्रकार मात्र गुपचूप येत नाही

वर सांगितलं तो प्रकार उघड्या कोपऱ्याचा: कोपरा मोकळा, पण जाळी चोंदलेली. दुसऱ्या प्रकारात जाळी चांगली असते, पण पडदाच पुढे सरकून कोपऱ्यावर बसतो. मोरीच्या जाळीवर ओला फडका पडावा तसं. ज्यांचे डोळे आकाराने लहान आहेत, ज्यांना दूरचं बघायलाही प्लस नंबर लागतो, त्यांना हा धोका जास्त. पुरुषांपेक्षा बायकांना जास्त, आणि वयाबरोबर भिंग जाड होत जातं म्हणून चाळिशी-पन्नाशीनंतर जास्त. अंधारात बाहुली मोठी झाली की कधीकधी कोपरा एकदम बंद होतो. मग काही तासांत डोळा लाल, दुखणं असं की डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं, उलट्या, नजर धूसर, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी रंगीत कडी.

यात घोटाळा असा होतो की उलट्या आणि डोकेदुखी बघून घरचे म्हणतात, "पित्त झालंय." अम्मीला लिंबू-सोडा देतात, अंधाऱ्या खोलीत झोपवतात. अंधारामुळे हाल आणखी वाढतात. अशा वेळी सकाळची वाट बघायची नाही. त्याच रात्री जिथे डोळ्याचे डॉक्टर मिळतील तिथे जायचं, नाहीतर सरळ सिव्हिल गाठायचं. एका दिवसात नजर जाऊ शकते. वेळेत पोहोचलं तर औषधाने दाब खाली आणून लेझरने पडद्याला एक बारीक छिद्र पाडतात, त्यातून पाण्याला दुसरी वाट मिळते. दुसऱ्या डोळ्यालाही तेच करून ठेवतात, कारण तोही त्याच घडणीचा असतो.

जाळी बुजते कशाने?

वय हे मोठं कारण, पेशी कमी होत जातात. खानदान हे दुसरं. सख्ख्या भावाबहिणीला किंवा आईबापाला असेल तर आपला धोका कितीतरी पटीने वाढतो. शुगर फार वर्षं वाढलेली राहिली तर डोळ्यात नको तिथे नवीन रक्तवाहिन्या फुटतात आणि त्या कोपऱ्यावर पसरतात. क्रिकेटचा बॉल किंवा विटी डोळ्याला लागली असेल तर दहा-वीस वर्षांनीही निचरा बिघडू शकतो.

पण आपल्या हाताने ओढवून घेतलेलं एक कारण आहे आणि त्याबद्दल जरा थांबून बोलावंसं वाटतं. ते म्हणजे स्टेरॉइडचे थेंब. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ आली होती, आठवत असेल. मदरशात, शाळेत, घरात एकाला झालं की सगळ्यांना. लोक मेडिकलवर जाऊन "डोळे आलेत, काहीतरी द्या" म्हणत होते आणि बाटली घेऊन येत होते. अशा बाटल्यांत बऱ्याचदा डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन असतं. लाली दोन दिवसांत उतरते, म्हणून बाटली घरात 'गुणकारी' ठरते आणि ताकात जपून ठेवली जाते. पुढे धूळ गेली, खाज आली, की काढली आणि टाकली. उन्हाळ्यात मुलांच्या डोळ्यांना जी ॲलर्जीची खाज सुटते त्यासाठी तर महिनोन् महिने.

स्टेरॉइड या जाळीच्या पेशींचं वागणं बदलतं. जाळी जाड आणि चिकट होते, पाणी अडतं, दाब चढतो. सगळ्यांचा चढत नाही, पण ज्यांचा चढतो त्यांना काही आठवड्यांत चढतो. लवकर बाटली बंद केली तर बहुतेकदा उतरतो, फार उशीर झाला तर उतरत नाही. आठवी-नववीतल्या पोरांची नस यात गेलेली डॉक्टर बघतात. स्टेरॉइड वाईट आहे असं नाही, डॉक्टर स्वतः ते देतात, पण मोजून देतात आणि मध्ये दाब तपासतात. तुमच्या ताकातली बाटली आजच बघा. 'डेक्सा', 'बीटा', 'प्रेडनिसोलोन' असं काही लिहिलं असेल आणि डॉक्टरची चिठ्ठी नसेल, तर ती डोळ्यात टाकायची नाही.

सुरमा, गुलाबजल, शहद याबद्दलही लोक विचारतात. सुन्नत म्हणून सुरमा लावणाऱ्यांच्या भावनेचा आदर आहे, पण काचेच्या बाहेर लावलेली कोणतीही गोष्ट आत कोपऱ्यातली जाळी साफ करू शकत नाही. काही बाजारी सुरम्यांत शिसं असतं, मुलांना तर तो लावूच नये.

लहान मुलांचे मोठे डोळे

बाळाचे डोळे मोठे असले की आपल्याकडे नजर उतरवतात. कौतुक ठीक आहे, पण एक गोष्ट ठाऊक असू द्या. काही बाळांमध्ये ही जाळी जन्मापासूनच नीट बनलेली नसते. बाळाच्या डोळ्याची भिंत मऊ असते, म्हणून दाब वाढला की डोळाच ताणून मोठा होतो. काच निळसर, धुरकट दिसते, डोळ्यातून सारखं पाणी येतं, आणि बाळ उजेडात डोळे मिटून मान फिरवतं. ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर 'आसूची नळी बंद असेल, मोठा झाल्यावर सुटेल' असं म्हणत बसू नका.

हा आजार बऱ्याचदा आई आणि बाप दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं तर होतो. दोघं स्वतः ठणठणीत असतात, पण प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता राहते. जिथे नात्यात लग्नं जास्त तिथे असे जोडपे जास्त जुळतात. पाश्चात्य देशांत साधारण दहा हजार जन्मांत एक बाळ, आंध्रात सुमारे ३,३०० मध्ये एक, सौदीत सुमारे २,५०० मध्ये एक. आपल्यात खालाजाद, मामूजाद लग्नं होतात, मराठी हिंदू घरांतही मामाची मुलगी करतातच. त्यामुळे हे कुणा एका जमातीवर बोट ठेवणं नाही. शरीयतने जे जायज ठेवलं आहे त्यावर बोलायचा माझा अधिकारही नाही. पण ज्या घरात आधीच्या एखाद्या मुलाचे डोळे असे गेले असतील, त्यांनी त्याच नात्यात पुन्हा सोयरीक जोडण्याआधी डॉक्टरचा सल्ला घ्यावा, एवढं सांगायला हवं. बाळाचं ऑपरेशन पहिल्या काही महिन्यांत झालं तर नजर वाचायची चांगली आशा असते.

उपचार म्हणजे काय करतात

वाट बुजली असेल तर दोनच मार्ग: येणारं पाणी कमी करा, नाहीतर जाणारं वाढवा. टिमोलॉल, डॉर्झोलामाइड यांसारखे थेंब पाणी कमी तयार करायला लावतात. (दमा असेल तर टिमोलॉल चालत नाही, डॉक्टरने विचारलं नाही तरी आपण सांगायचं.) लॅटानोप्रॉस्ट आणि त्याच्या भाऊबंदांमुळे ती मागची आडवाट रुंद होते, दिवसात एकदा, रात्री. २०१९ मध्ये इंग्लंडच्या एका मोठ्या अभ्यासात सुरुवातीलाच लेझरने जाळी उघडली तर तेही थेंबांइतकंच चांगलं काम करतं असं दिसलं, त्यामुळे काही रुग्णांना डॉक्टर आता लेझर आधी सुचवतात. तेवढ्यावर भागलं नाही तर ऑपरेशन. त्यात वरच्या पापणीखाली पाण्याला नवी वाट करून देतात. ज्यांच्यात तीही टिकत नाही त्यांना बारीक नळी बसवतात. जगभर वापरल्या जाणाऱ्या अशा एका नळीचं नाव 'अहमद व्हॉल्व्ह' आहे, ती बनवणारे इंजिनिअर ए. मतीन अहमद यांच्या नावावरून. १९९३ पासून ती वापरात आहे. अशी नळी महाग पडते म्हणून मदुराईच्या ऑरोलॅबने स्वस्तातली भारतीय नळी बनवली.

यातल्या एकाही उपायाने गेलेली नजर येत नाही. उरलेली टिकते. इथेच बरेच रुग्ण औषध सोडतात. दोन महिने टाकलं, फरक काही दिसला नाही, पैसे मात्र जातायत, मग बंद. ब्लडप्रेशरची गोळी खाऊन कुणाला बरं वाटत नाही, तरी आपण ती खातो ना?

रमजान आणि थेंब

औषध सुटण्याचं दुसरं मोठं कारण आपल्या घरांत रमजान आहे. रोजा तुटेल या भीतीने पूर्ण महिना थेंब बंद ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. ईदला सगळे नवे कपडे घालतात आणि यांचा दाब पुन्हा तिथेच.

मी मुफ्ती नाही, पण जे माहीत आहे ते सांगतो. हनफी आणि शाफई, म्हणजे महाराष्ट्रातले बहुतेक मुसलमान ज्या दोन मसलकांचे आहेत, त्या दोन्हींत डोळ्यात औषध टाकल्याने रोजा तुटत नाही. जेद्दाच्या इस्लामी फिकह अकादमीने १९९७ च्या बैठकीत हाच निर्णय दिला, घशात उतरलेलं मुद्दाम गिळू नये एवढी अट घालून. तरी मनात शंका असेल तर आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारा, पण औषध आपल्या मनाने बंद करून मग विचारू नका.

आणि आता ती आसूची वाट. थेंब टाकला की डोळा हळूच मिटा आणि नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने दोन मिनिटं दाबून धरा. नाकात जायची छिद्रं बंद होतात, चव घशात येत नाही, आणि औषध डोळ्यातच राहिल्यामुळे कामही जास्त चांगलं करतं. खरं तर ही सवय बाराही महिने हवी. एकच थेंब पुरतो, दुसरा गालावर जातो. दोन वेगवेगळी औषधं असतील तर मध्ये निदान पाच मिनिटं सोडा. रात्रीचा थेंब तरावीहनंतर आरामात टाकता येतो. दोनदा टाकायचा असेल तर सहरी आणि इफ्तारला बसवता येईल का, हे रमजान लागण्याआधीच डॉक्टरला विचारून घ्या. पोटात घ्यायची गोळी चालू असेल तर गोष्ट वेगळी, तिने रोजा तुटतो. अशा आजारात रोजे नंतर पूर्ण करायची सवलत आहेच.

इफ्तारला एका दमात तीन-चार ग्लास पाणी पिऊ नका. थोड्या वेळात एक लिटर पाणी पाजून दाब किती चढतो हे बघायची एक तपासणीच डॉक्टर करतात. तेच पाणी मगरिबपासून इशापर्यंत थोडं थोडं प्यायलं तर काही होत नाही.

सजद्याबद्दलही विचारतात. डोकं खाली गेलं की डोळ्याचा दाब वाढतो हे खरं. शीर्षासनात तो दुपटीच्या आसपास जातो, म्हणून काचबिंदूवाल्यांना ते करू देत नाहीत. सजदा थोड्या वेळाचा असतो, दाब चढतो आणि उठल्यावर थोड्या वेळात खाली येतो. डॉक्टर त्यासाठी नमाज अडवत नाहीत. ऑपरेशन नुकतंच झालं असेल तेव्हा मात्र काही दिवस वाकायला मनाई असते. तेवढे दिवस खुर्चीवर बसून इशाऱ्याने नमाज पढता येते.

तपासणी कुणी, कधी करायची

चाळिशीनंतर सगळ्यांनी एकदा, आणि घरात कुणाला असेल तर त्याआधीच. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून घेणं म्हणजे ही तपासणी झाली असं नाही. डॉक्टरला स्पष्ट सांगायचं, "काचबिंदूसाठी बघा." नुसता दाब मोजूनही भागत नाही, कारण काही लोकांचा दाब २१ च्या आत असूनही नस खराब होते. दाब, आरशाच्या भिंगाने आतला कोपरा, आणि बाहुली मोठी करून मागची नस, हे तिन्ही बघावं लागतं. शंका आली तर फील्ड टेस्ट, ज्यात एका पेटीत बघून बारीक दिवे दिसले की बटण दाबायचं. ती कंटाळवाणी असते. पहिल्यांदा बहुतेकांची चुकते, दुसऱ्यांदा जमते. जुने रिपोर्ट एका पिशवीत तारखेप्रमाणे ठेवा, कारण डॉक्टरला आजच्या आकड्यापेक्षा मागच्या वर्षीपासून काय बदललं हे जास्त कामाचं असतं. नाशकात सिव्हिलच्या नेत्र विभागात डोळे तपासून मिळतात. खासगीत जायचं असेल तर आधी फोन करून कोपरा आणि फील्ड बघायची सोय आहे का, ते विचारून जा. बाहुली मोठी केल्यावर काही तास धूसर दिसतं, म्हणून गाडी चालवत जायचं नाही, बरोबर कुणाला तरी न्यायचं.

चाचांचा उजवा डोळा गेला. डावा दोन थेंबांवर १४ च्या आसपास आहे. मशीन बंद करून आता ते मुलाच्या दुकानात काज-बटणाचं काम करतात. डॉक्टरांनी सांगितल्यावर मुलीने तिन्ही भावांना ओढत नेऊन तपासून घेतलं. दोघांचे डोळे ठीक निघाले. मधल्याचा, वय अडतीस, एका डोळ्याचा दाब २७ आणि नस नुकतीच खराब व्हायला लागलेली. त्याला काहीच त्रास नव्हता. तो म्हणत होता, "मला कशाला नेतेस, मला तर सगळं दिसतं."